उपास धरलेला दोर

थांबा. कमरेला गाठ मारण्याआधी घटकाभर माझं ऐका. तुम्ही लांबून आलात, पायातले बूट काढून त्या खडकापाशी ठेवलेत, आता वर गुहेतलं जुनं चर्च बघायची घाई झाली आहे, हे मला दिसतंय. पण भिंतीवरचे देवदूत कुठे पळून जात नाहीत. शेकडो वर्षं डोळे मोठ्ठे करून तिथेच उभे आहेत.

मी दोर आहे. कातड्याचा, तीन पेडांचा, चाळीस हात लांब. माझं वरचं टोक कड्याच्या ओठाशी जैतुनाच्या बुंध्याला बांधलेलं असतं आणि खालचं तुमच्या पायांशी लोंबतं. मला वाचा नाही. तरीही जिवाच्या आकांताने बोलतोय, कारण आज मंगळवार आहे आणि शुक्रवारी लेताय येणार आहे.

जन्मलो तेव्हा मी एक नव्हतो, बारा होतो. आसपासच्या वाड्यांनी मिकाएल देवदूताच्या या गुहेसाठी बारा बैलांची कातडी दिली. काहसू म्हाताऱ्याने ती ओढ्यात भिजवली, खरवडली, त्यांच्या लांबच लांब वाद्या काढल्या आणि एक अख्खा उन्हाळा त्या वळत बसला. त्यातलं एक कातडं त्याच्या स्वतःच्या लाल बैलाचं होतं. त्या वाद्या वळताना तो थांबायचा, नाक पुसायचा आणि म्हणायचा, "चल बाबा, नांगर झाला, आता माणसं ओढ."

काहसू मला बैलच समजत असे. दर पंधरा दिवसांनी वरून मला ओढून घ्यायचा, मांडीवर घ्यायचा आणि हातभर हातभर लोणी चोळायचा. पंचावन्न दिवसांचा मोठा उपास आला की गावात दूध-लोणी-मांस सगळं बंद होतं. लहान पोरं तेवढी कुरकुरतात, मोठे मुकाट मसूर गिळतात. पण काहसू उपासातही सुकवलेल्या भोपळ्याच्या भांड्यात लोणी घेऊन यायचा. कुणी डोळे वटारले तर म्हणायचा, "बैलाला कसला आलाय उपास? तो काय जेवताना प्रार्थना म्हणतो?"

त्याच्या हातात मी सव्वीस वर्षं काढली. मऊ होतो, गुळगुळीत होतो, आणि हो, लोण्याचा वास मारायचो. माझ्या अंगाखांद्यावरून किती माणसं वर गेली! माणसांची एक गंमत सांगू? खाली उभा राहिलेला प्रत्येकजण मला दोनदा हिसका देतो, जणू दोन हिसक्यांत माझी परीक्षा झाली. बायका मिकाएलचं नाव घेतात. पुरुष विनोद करतात, तेही घाबरूनच. चर्चचा पुजारी केशी मेब्राहतू मला आधी कपाळाला लावतो, मग चढतो. टुरिस्ट माझा फोटो काढतात. आणि वर पाऊल टेकलं की सगळे मला विसरतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. दोराला विसरता येणं म्हणजे दोर चांगला असणं.

काहसू गेला आणि त्याचा जावई गिदेय माझा राखणदार झाला.

गिदेय वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. खांदे रुंद, हात पोलादी, दारूचा थेंब नाही, प्रार्थनेला एक दिवस चुकायचा नाही. आळशी असता तर परवडलं असतं. आळशी माणसाने सांगितल्यावर का होईना, लोणी चोळलं असतं. पण गिदेय धर्मनिष्ठ निघाला, तिथेच माझं नशीब फुटलं.

पहिल्याच मोठ्या उपासात त्याची बायको, म्हणजे काहसूची लेक, लोण्याचा भोपळा कमरेला बांधून वर आली. गिदेयने नाकावर शालीचा पदर धरला.

"हे काय आणलंस? उपासात लोणी?"

"दोराला आणलंय. तुला कोण देतंय!"

"दोर कुणाचा?"

"मिकाएलचा."

"मग मिकाएलच्या दारात पंचावन्न दिवस लोणी येणार नाही."

"अरे, बाबा चोळायचे की! म्हणायचे, हा बैल आहे म्हणून."

"बाबांना बैलापलीकडे काही दिसलं नाही. हा देवाच्या घरचा चाकर आहे. चाकर उपास मोडत नाही."

केशी मेब्राहतू दारातच बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. "बघ पोरी," ते म्हणाले, "याला म्हणतात श्रद्धा."

बायको भोपळा घेऊन पुटपुटत खाली उतरली. मला ओरडावंसं वाटलं, अहो, मला भूक लागते! मी मेलेलं कातडं आहे, मला स्वर्गात जायचं नाही, मला फक्त तुटायचं नाही!

मोठा उपास नेमका कोरड्या दिवसांत येतो. पाऊस चार महिन्यांवर असतो, कडा तव्यासारखा तापतो, वारा अंगातला ओलावा पिऊन टाकतो. ज्या दिवसांत मला लोण्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत गिदेयने माझं तोंड बांधलं. पुढे त्याने बुधवार-शुक्रवारचे उपास धरले, मग नाताळाआधीचेही. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस मी निर्जळी. पहिल्या वर्षी कडक झालो. दुसऱ्या वर्षी रेषा पडल्या. तिसऱ्या वर्षी, खालून सतराव्या हातावर, एक चीर पडली. बाहेरून ती सुरकुतीसारखी दिसायची. आतून माझे तिन्ही पेड खात चालली होती.

त्या तिसऱ्या उपासातली गोष्ट. ईस्टरआधीच्या होसान्नाच्या रविवारला दोन दिवस राहिले होते.

सकाळी एक टुरिस्ट जोडपं आलं, अदिस अबाबाचं. नवरा शिमेलिस, साठीचा, पोट पुढे, बोलणं त्याहून पुढे. तीस वर्षं बुटांच्या कारखान्यात कातडं कापून निवृत्त झालेला. बायको त्सिगे. तिने कड्याकडे एकदा मान वर करून बघितलं आणि खाली खडकावर बैठक मारली.

"शिमे, घरी माळ्यावर चढताना तुला शिडी धरायला माणूस लागतो."

"माळ्यावर देवदूत नाहीत ना!"

"आज पडलास तर इथेही दिसतील."

गिदेयने वरून हाक दिली, शिमेलिसने माझं टोक काखेखालून घेऊन गाठ मारली, दोनदा हिसका दिला. मी काय करू शकत होतो? ताठ झालो. अंग आखडून घेतलं. खरखरीत झालो, की त्याच्या तळव्याला टोचेल, तो बघेल. त्याने तळवा पँटला पुसला आणि पहिल्या खोबणीत पाय ठेवला.

तो वजनदार होता. गिदेय ओढत होता, तो खोबण्यांत पाय रोवत धापा टाकत होता, आणि माझा सतरावा हात इंचाइंचाने कड्याच्या ओठाकडे सरकत होता. ओठावर दगडाची धार आहे. तिथे मी वाकलो. टक् असा आवाज झाला आणि माझा एक पेड तुटला.

"काय वाजलं?" शिमेलिसने खालून विचारलं.

"दगड पडला," गिदेय म्हणाला. "चला, चला, वर बघू नका."

तो दगड नव्हता! मी दोन पेडांवर त्या माणसाला धरून होतो. काहसूचं नाव घेतलं, लाल बैलाला हाक मारली, आणि कसाबसा त्याला वर टेकवला.

शिमेलिस आत गेला. बाहेर मला सगळं ऐकू येत होतं. आधी त्याचं "अरे बापरे, अरे बापरे", मग केशींचं खेकसणं, "फ्लॅश बंद करा, देवदूतांचे डोळे दुखतात!" मग नाक ओढणं. गुहेत येणारे बरेच जण नाक ओढतात.

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि तो सहज माझ्यावर टेकला. कारागिराचा हात. त्याला फोटो काढायचं सुचलं नाही, त्याने मला अंगठा आणि बोटामध्ये धरून वाकवलं. मी करकरलो. त्याचा चेहरा बदलला.

"याला शेवटचं तेलपाणी कधी केलं?"

"सध्या त्याचा उपास आहे," गिदेय अभिमानाने म्हणाला.

शिमेलिस खो खो हसला. मग गिदेय हसत नाही हे बघून थांबला. "म्हणजे खरंच? कातड्याला उपास? अरे माणसा, कातडं उपाशी राहिलं तर मरतं!" तो मला हातभर हातभर चाचपत गेला. सतराव्या हातापाशी आला. मी सगळा जीव त्या चिरेत आणला. बघ, बघ, बघ!

आणि त्याने बघितलं. "देवा! एक पेड गेलाय. दुसरा अर्धा फाटलाय. मी यावर लटकत होतो?"

तेवढ्यात खालून आवाज आला, "गिदेय, दोर सोड!"

लेताय आली होती, आणि गिदेयने सवयीने माझं टोक खाली सोडलंसुद्धा. पाठीला तान्ही मुलगी बांधलेली, बरोबर थोरली बहीण, धर्ममाता व्हायला आलेली. नवरा मिठाच्या तांड्याबरोबर सखल मुलखात गेलेला. आमच्याकडे मुलाचा बाप्तिस्मा चाळिसाव्या दिवशी, मुलीचा ऐंशीव्या. आज ऐंशीवा दिवस होता.

हा दिवस लेतायसाठी काय होता, ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी तिची पहिली मुलगी शहात्तराव्या दिवशी तापाने गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून तिला चर्चच्या कुंपणात जागा मिळाली नाही. शेताच्या कडेला, निवडुंगाखाली पुरली. लेताय कधी कड्याखालून जाताना माझ्या टोकापाशी थांबायची, मला धरायची आणि मोजायची, "चारच दिवस. फक्त चार दिवस कमी पडले."

"बाई, वर येऊ नका!" शिमेलिस ओरडला. "दोर फाटलाय!"

"हा कोण?" लेतायने विचारलं.

"माझा नवरा," त्सिगे म्हणाली. एवढ्यात तिचा आवाज चिरकला. "शिमे, फाटलाय म्हणजे? तू उतरणार कसा?"

"मी शिवतो. संध्याकाळपर्यंत होईल."

"संध्याकाळी प्रार्थना संपलेली असेल," लेताय म्हणाली. "केशी! पाणी मंतरून झालं ना?"

"झालं, पोरी," केशी कड्याच्या ओठाशी येऊन म्हणाले. "पण दोन दिवस थांबलीस तर..."

"उद्या होसान्नाची तयारी, परवा होसान्ना, मग दुःखाचा आठवडा. त्यात तुम्ही बाप्तिस्मा देत नाही. म्हणजे ईस्टर. तोवर हिला ताप आला तर? हिलाही निवडुंगाखाली ठेवू? मी येतेय वर. तुटला तर तुटला."

तिने मला उचललं आणि कमरेला आवळलं. सगळ्या जन्मात मी इतका कधी भ्यालो नाही. तिचं वजन, मुलीचं वजन, आणि माझ्याकडे दीड पेड. मला स्वतःला त्या जैतुनाच्या बुंध्यावरून सोडवून घेता आलं असतं, तर मी आधीच खाली पडून वेटोळं झालो असतो.

"गिदेय, ओढू नकोस!" शिमेलिसने त्याचा हात धरला. मग केशींकडे वळून म्हणाला, "तान्हीचं वजन किती असेल? कोंबडीएवढं? तेवढं हा झेलेल. तिला एकटीला घ्या."

केशी आत गेले आणि पोथी ठेवायची चामड्याची पिशवी घेऊन आले. पोथी हातात धरली आणि पिशवी खाली टाकली.

लेतायने गाठ सोडली. मुलीला पिशवीत ठेवलं, भोवती आपली पांढरी शाल कोंबली, पिशवी माझ्या टोकाला बांधली. मग तिने ती सोडलीच नाही. हात पिशवीवर तसेच.

"सोड गं," बहीण म्हणाली.

"सोडते."

"लेताय."

"सोडते म्हटलं ना!"

आणि सोडली. मला कपाळाला लावून एवढंच म्हणाली, "माझं एवढं एक ऐक."

गिदेय मुंगीच्या पावलाने ओढत होता. वारा आला, पिशवी झुलली, खडकाला लागली, मुलगी रडायला लागली. खाली तिघी बायका हात पसरून उभ्या, जणू तीस हातांवरून पडलेलं लेकरू झेलतील. सतरावा हात पुन्हा ओठावर आला. फाटका पेड ताणला गेला, एकेक तंतू सुटू लागला. शिमेलिसने पटकन आपला तळहात दगडाच्या धारेवर ठेवला आणि मला त्यावरून सरकू दिलं. त्याची कातडी सोलली, माझी वाचली.

मुलगी वर पोचली.

बाप्तिस्मा असा झाला की केशी गुहेच्या दारातून ओरडत होते आणि धर्ममाता खालून उत्तरं देत होती.

"सैतानाला नाकारतेस का?"

"नाकारते!"

"जोरात! इथवर येत नाही!"

"ना-का-र-ते!"

पाण्यात बुडवल्यावर मुलगी अशी किंचाळली की कड्यावरची कबुतरं उडाली. खाली लेताय गुडघ्यांवर बसली आणि जमिनीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. घरचं नाव सेगेन, देवाघरचं नाव वेलेते मिकाएल. आता तिला कुणी कुंपणाबाहेर ठेवू शकणार नव्हतं. मी तिला तसंच हळूहळू खाली आईच्या हातात दिलं.

मग शिमेलिसने किल्ल्यांच्या जुडग्यातली छोटी आरी काढली आणि मला शिवायला बसला. चामडं हवं, म्हणून पोथीच्या पिशवीचा पट्टा कापला. तो पुरेना, म्हणून कमरेचा पट्टा काढला.

"शिमे, आता पँट कशाने धरणार?" त्सिगे खालून हसत होती आणि रडत होती.

ऊन कलेपर्यंत तो शिवत होता. उतरण्याआधी त्याने गिदेयचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. हे ठिगळ मला खाली नेण्यापुरतं आहे. याच्यावर यापुढे माणूस चढवू नकोस. नवा वळ. आणि नवा होईपर्यंत याला लोणी दे. लोणी नको तर कारळ्याचं तेल दे, ते तरी उपासाला चालतं ना?"

"हो," गिदेय म्हणाला.

गिदेय खोटं बोलत नाही. त्या क्षणी त्याला तसंच वाटत असणार.

पण रविवारी होसान्नाला गाव जमलं. केशींनी हात वर करून सांगितलं, "दीड पेडाने लेकरू वर आलं! कसं आलं? दोराने उपास धरला होता म्हणून मिकाएलने त्याला धरलं. कातड्याला जमतं ते आणि तुम्हाला दूध सुटत नाही?" बायकांनी आनंदाने किलकारी दिली. गिदेयने मान खाली घातली, आणि मला कळलं की माझं भवितव्य ठरलं.

आता नव्या दोराचं नाव निघत नाही. चमत्कार केलेला दोर कुणी बदलतं का? ईस्टरनंतर जेमतेम महिनाभर त्याने मला लोणी दिलं. या उपासात तर कारळ्याचं तेलही बंद. "जुने साधू तेलसुद्धा घेत नसत," तो म्हणतो. माझे टुरिस्टही वाढलेत. गिदेय त्यांना ठिगळ दाखवतो आणि ते त्याचा फोटो काढतात.

शिमेलिसचा पट्टा कारखान्याचा, पातळ. त्याचे टाके एकेक करून सैल होतायत.

एकटी लेताय ओळखून आहे. तिने गिदेयला दोनदा विनवलं, एकदा भांडलीसुद्धा. "तुझी मुलगी त्यानेच तारली आणि तूच त्याचा उपास मोडायला निघालीस?" असं त्याने तिलाच विचारलं. तेव्हापासून दर दोन दिवसांनी ती सकाळी एकटी येते. पदराखाली कारळ्याच्या तेलाची बाटली. दगडावर दगड ठेवून त्यावर चढते, टाचा उंचावते आणि हात पोचेल तिथवर मला तेल चोळते. तिचा हात सहा हातांपर्यंत पोचतो. तिथवर मी काहसूच्या वेळेसारखा मऊ आहे. तुम्ही आत्ता धरलंय ना, तोच भाग. म्हणूनच तुम्हाला मी भरवशाचा वाटतोय.

सतरावा हात तुमच्या डोक्यावर आहे, उन्हात.

त्या दिवशी जमिनीवर डोकं टेकलं होतं ना, तेव्हा लेतायने नवस बोलला होता. "वर्ष झालं की मुलीला पाठीशी बांधून मी स्वतः वर येईन, मेणबत्ती लावीन." शुक्रवारी वर्ष होतंय. नवस ती टाळणार नाही. काल तेल लावून झाल्यावर मला म्हणाली, "तेव्हा एकटीला धरलंस, आता दोघींना धर." सेगेन आता उभी राहते. तिने माझं टोक तोंडात घालून चावलं. चार दात आलेत तिला.

मला खरं तर तुम्हाला सांगायला हवं, की चढू नका. माझी सारी निष्ठा तेच सांगते. पण तुम्ही परत गेलात तर शुक्रवारआधी माझं ऐकणारं दुसरं कोण येणार? केशी मला कपाळाला लावतील. गिदेय मला नमस्कार करेल. वाकवून बघणार कुणी नाही. म्हणून तुमचा जीव माझ्यावर टांगून मी तुमच्याकडे तिचा जीव मागतोय. मला क्षमा करा. उपाशी माणूस नीट वागत नाही म्हणतात, दोराचंही तसंच झालंय.

खोबण्यांत पाय घट्ट रोवा. भार माझ्यावर कमी, खडकावर जास्त टाका. वर टेकलात की लगेच देवदूतांकडे धावू नका. मागे वळा, ठिगळापाशी मला दोन बोटांत धरा, वाकवा, आणि गिदेयच्या तोंडासमोर धरून त्याला बघायला लावा. त्याने नाही ऐकलं, तर तुमच्या खिशातल्या चाकूने मला तिथेच कापा. हो, कापा. मग तुम्हाला उतरवायला तरी गावाला नवा दोर आणावाच लागेल. मी खाली वेटोळं होऊन पडेन आणि लेताय मला शिव्या घालेल, आणि तिची मुलगी शेजारी बसून आपल्या चार दातांनी मला चावेल.

वरून गिदेयने हाक दिली. बांधा गाठ. दोन हिसके द्यायचे तर द्या.

आणि वाटेत माझ्यातून टक् असा आवाज आला, वरून कुणी म्हणालं की दगड पडला, तर विश्वास ठेवू नका. तो मी असेन.